डोण कोणी आणली?

उर्दूत 'तहकीक' म्हणजे संशोधन आणि 'तहकीकात' म्हणजे चौकशी, तीही बहुधा पोलिसांची. फरक काय तो एवढ्याशा शेपटाचा. पण त्या शेपटापायी आमच्या गावात एका म्हातारीच्या मेंढरांचं पाणी भर चैत्रात तुटलं, आणि ते शेपूट गावात आणणारा मी होतो. आता सांगायला हरकत नाही. त्यातलं कोणी राहिलेलं नाही, आणि राहिलं असतं तरी त्यांनी माझ्याइतकं मनाला लावून घेतलं नसतं.

निजामाचं राज्य होतं. मी जिंतूर तालुक्यात, बोरीपासून दोन-अडीच कोसांवरच्या एका खेड्यात मास्तर होतो. वय बावीस. नोकरी हंगामी. कायम व्हायचं असेल तर परभणीला शिक्षकांच्या वर्गात बसून सनद मिळवायची, असा हुकूम आला होता. सगळा कारभार उर्दूत, त्यामुळे शिक्षणाला शब्द 'तालीम'. घरी सांगितलं, तालमीला चाललो. आई म्हणाली, "अंगावर मूठभर मास न्हाई, आन् तालमीला चाललाय म्हनं!" तिला सगळं कळत होतं, ती चेष्टा करत होती. पण मला ते शब्द लागले. तिथे कोणीतरी मला आडवं पाडणार, याची मला गाडीत बसण्याआधीच खात्री झाली होती.

मी जन्माचा चिंतातुर. मन चिंती ते वैरी न चिंती, ही म्हण आईने माझ्यासाठीच राखून ठेवली होती. सनद मिळाली नाही तर नोकरी जाणार, नोकरी गेली तर घरात कमावणारं दुसरं कोणी नाही, इथवर सगळं खरंच होतं. पुढचं मी घरबसल्या रचायचो.

वर्गावर आम्हाला एक उस्ताद होते. एका कानाने त्यांना कमी ऐकू यायचं. त्यामुळे कोणी काही बोललं की ते हात कानाशी नेऊन म्हणत, "फिर से." आणि आपण तेच वाक्य दुसऱ्यांदा म्हणायला लागलो की आपल्यालाच ते पोकळ वाटायला लागे. कितीतरी जण दुसऱ्यांदा बोलताना अर्ध्यावर थांबत आणि खाली बसत. उस्ताद रागावत नसत. ते नुसते मान हलवत, आणि त्याचीच जास्त भीती वाटे.

त्यांनी आम्हाला शब्द शिकवले. दावा, दलील, सबूत, एतराज, नतीजा. हे शब्द आमच्यापैकी प्रत्येकाने आधीच ऐकलेले होते, पण चावडीत आणि कचेरीत. उस्ताद म्हणाले, ते तिथे विसरून या. "सूरज मशरिक से निकलता है, यह दावा नहीं. इस पर कौन झगड़ेगा? जिस पर कोई झगड़ सके, वही दावा." दलील म्हणजे तुम्ही तसं का म्हणता ते. सबूत म्हणजे जे समोर ठेवता येईल, दुसऱ्याला हात लावून पाहता येईल ते. कसम सबूत नाही, रडणं सबूत नाही, सगळे म्हणतात हा तर मुळीच सबूत नाही. एतराज म्हणजे विरोधी माणूस काय म्हणेल ते त्याच्याआधी आपणच म्हणायचं, आणि जोरात म्हणायचं. हे सगळं पार करून जे शिल्लक राहील तो नतीजा.

शेवटी एक सहावा शब्द आला, मफरूजा. "वो बात जो तुमने मान ली, और तुम्हें ख़बर भी नहीं कि मान ली." मी तो वहीत लिहिला आणि त्याच्याखाली दोन रेघा ओढल्या. मला तो कळला नव्हता. कळला नाही म्हणून विचारावं, तर "फिर से" ऐकावं लागेल. मी गप्प राहिलो.

आमच्या वह्यांच्या समासात ते लाल शाईने एकच वाक्य लिहीत. तुम्हें कैसे मालूम? मी एकदा लिहिलं, आमच्या गावची जमीन काळी आहे. तुम्हें कैसे मालूम? मला जेवताना भाकरीकडे पाहूनही तो प्रश्न ऐकू यायला लागला होता. ही ज्वारीची भाकरी. तुला कसं माहीत?

हिवाळ्यात त्यांनी आम्हाला आपापल्या गावी पाठवलं. प्रत्येकाने आपल्या गावातल्या एका गोष्टीची तहकीक करायची आणि उन्हाळ्याच्या सुट्टीआधी त्यावर मकाला लिहून द्यायचा. मकाला म्हणजे निबंधच, पण दावा-दलील-सबूतासकट. ज्याचा मकाला नापास त्याला सनद नाही.

गावी आलो. विषय असा हवा की ज्यावर कोणी भांडेल. सुदैवाने (तेव्हा मला ते सुदैव वाटलं) आमच्या गावात तसा विषय तयार होता. गावाबाहेर एक जुनी पायऱ्यांची बारव होती. तिच्या काठावर जनावरांना पाणी पाजायची एक लांबलचक दगडी डोण. बारवेवर पाटलांची मोट चाले आणि रिवाज असा होता की सकाळच्या पहिल्या आठ-दहा मोटा डोणीत सोडायच्या, मग पाणी पाटलांच्या मळ्याकडे. त्या डोणीवर गावची गुरं आणि गावकुसाबाहेरच्या धनगरांची मेंढरं पाणी पीत. पाटील म्हणायचे, डोण आमच्या आज्याने आणली. धनगरांपैकी कोणी कोणी म्हणे, छट्, ती आमच्याच वाडवडलांनी ओढून आणली. हे भांडण पारावरचं होतं. तंबाखू मळता मळता चालायचं, तंबाखू थुंकली की संपायचं. कोणाचं काही अडत नव्हतं.

मी ते उचललं आणि कागदावर आणलं.

शाळेत पोरांना सांगितलं, मी डोणीची तहकीक करतोय, घरी कोणाला काही माहीत असेल तर विचारून या. पोरांनी घरी जाऊन काय सांगितलं ते देव जाणे. दुसऱ्या दिवशी गावभर झालं होतं, मास्तर तहकीकात करायलाय. सरकारातून कागद आलाय. मी एका शेतकऱ्याच्या दारात जाऊन उभा राहिलो. तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "मास्तर, त्या दिवशी मी गावात नव्हतोच."

"कोणत्या दिवशी?"

"तुमी म्हनाल त्या."

दुसऱ्याने मला एकाच बैठकीत तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या आणि प्रत्येक गोष्टीनंतर विचारलं, "हे चालंल का?" एका घरून लोण्याचा गोळा आला. तो मी परत पाठवला, तर ते जास्तच घाबरले. गोळा थोडा पडला म्हणून मी परत पाठवला की काय, असं त्यांना वाटलं असावं.

इथे मी खरं सांगतो. गैरसमज झालाय हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. दवंडी देऊन नाही, पण पारावर बसून तरी मी तो दूर करू शकलो असतो. मी केला नाही. आयुष्यात पहिल्यांदा माणसं मला पाहून उठून उभी राहत होती. ज्याला स्वतःलाच सतत भीती वाटते, त्याला दुसरा आपल्याला भितोय हे पाहून फार बरं वाटतं. त्याची मला आजही लाज वाटते.

धनगरांच्या वस्तीत एक म्हातारी होती. कळप तिचा, कारभार तिचा. मुलगा होता, पण तो तिच्या शब्दाबाहेर नव्हता. मी गेलो तेव्हा ती मेंढरं कोंडायच्या वाडग्याच्या तोंडाशी बसून हातातल्या चातीवर लोकर कातत होती. मी वही उघडली, दौत जमिनीवर नीट बसवली आणि विचारलं, "मावशी, ही डोण तुमच्या सासऱ्याच्या वडिलांनी आणली, असंच ना?"

तिने वहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हौ. तसंच."

"किती बैल लागले असतील? बारा?"

"बारा."

मी लिहिलं, बारा बैल. मला इतका आनंद झाला की शाई वाळू न देताच वही मिटली आणि पान बरबटलं. सबूत मिळाला होता! आणणाऱ्याच्या घरातली, वयाने सगळ्यांत मोठी साक्षीदार. पाटलांच्या आज्याचा एतराज मी मकाल्यात आधीच मांडून खोडून काढला. वर ठसठशीत अक्षरात मथळा घातला, 'दावा', आणि खाली वाक्य, की बारवेवरची डोण धनगरांनी आणलेली आहे, पाटलांनी नव्हे.

चैत्र लागला तेव्हा मी चावडीत बसून त्याची शुद्ध प्रत काढत होतो. घरात उजेड कमी, म्हणून चावडी. पटवारी मागून आला, माझ्या खांद्यावरून वाचलं आणि काही न बोलता निघून गेला. उर्दू वाचता येणारी गावात दोनच माणसं, एक तो आणि एक मी. दिवस मावळायच्या आत पाटलांना निरोप पोचला होता, मास्तरने धनगरांच्या वतीने डोणीवर दावा लिहिलाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोट चालू झाली ती सरळ मळ्याकडे. डोणीकडचा पाट पाटलांनी मातीने बुजवून टाकला होता.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. गावची गुरं कशीही भागली. ज्याच्या त्याच्या दारात रांजण होता, दोन-चार जनावरांना घागरीने पाजता येतं. दीडशे-पावणेदोनशे मेंढरांना कोण किती घागरी उपसणार? बारवेच्या पायऱ्या अरुंद आणि गुळगुळीत, मेंढरू खाली उतरत नाही. जवळचं वाहतं पाणी म्हणजे पूर्णा नदी, तीन कोसांवर. म्हातारी आणि तिचा मुलगा रोज कळप घेऊन तिथवर जायला लागले. जायचे तीन कोस, यायचे तीन, वर चैताचं ऊन. मोठी मेंढरं चालली. त्या महिन्यात जन्मलेली कोकरं चालू शकत नव्हती. काही पाठीवरच्या घोंगडीत घालून नेत, काही मागे ठेवत. मागे ठेवलेल्यांच्या आया संध्याकाळी परत येत तेव्हा त्यांच्या कासेत दूध नसे. शाळेतून मला ती ओरड ऐकू येई, आणि मी पोरांना पाढे मोठ्याने म्हणायला लावत असे.

चौथ्या दिवशी मी पाटलांकडे गेलो.  पाटील तसे वाईट नव्हते. मला बसायला घोंगडी टाकली, गूळपाणी दिलं.

"पाटील, माझा दावा तसला दावा नाही हो. अभ्यासातला आहे."

"कागदावर दावा म्हनून लिव्हलंय का न्हाई?"

"लिहिलंय."

"उर्दूत?"

"उर्दूतच."

"तो कागद परभनीला जानार का न्हाई?"

"जाणार. पण—"

"मग? मास्तर, माझा बांधाचा दावा कैक वर्सं तालुक्याला चालू हाय. वकिलानं मला पयल्याच दिवशी सांगितलं, दावा लागला की निकालापत्तुर कोनीच वस्तूला हात लावायचा न्हाई. जसं हाय तसं. मी तर कायद्यानं चालायलोय. उद्या तिकडून कोनी इचारलं, दावा चालू असताना डोन कामून वापरली, तर काय सांगू?"

ते मला छळत नव्हते. ते माझ्यासारखेच घाबरलेले होते. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, आणि मी त्यांच्या दारातच पायरी आणून ठेवली होती. मी तहकीक आणि तहकीकात यांतला फरक सांगायला लागलो. सांगता सांगता लक्षात आलं की वाक्य दुसऱ्यांदा म्हणताना मलाच ते खरं वाटेना.

शेवटी तोड त्यांनीच काढली. "परभनीपत्तुर कशाला जायाचं? गावातच मिटवू. आयतवारी खंडोबाच्या देवळात म्हातारीनं भंडारा उचलावा, की डोन तिच्या मानसांनी आनली. तिनं उचलला की डोन तिची. माझं कायबी म्हननं न्हाई. मोट त्याच घटकेला सोडतो."

भंडारा उचलणं म्हणजे देवापुढची हळद मुठीत घेऊन शपथ वाहणं. आमच्याकडे त्यापुढे अपील नसे. धनगरांत तर खोटा भंडारा उचलणाऱ्याचा कळप टिकत नाही, अशी पक्की समजूत. उस्तादांचं 'कसम सबूत नहीं' मला आठवलं, पण मी ते गिळलं. म्हातारीला निरोप गेला. ती येते म्हणाली. मला वाटलं, सुटलो.

शुक्रवारी संध्याकाळी मी बारवेकडे गेलो. कशाला गेलो, सांगता येत नाही. दुखऱ्या दाताला जीभ जाते तसा गेलो असेन. डोण कोरडी ठणठणीत होती. तिच्याभोवती बारा महिने चिखल असायचा, गुडघ्याएवढा. आता आठवडाभराच्या उन्हात तो तडकून त्याच्या खपल्या निघाल्या होत्या. एक मोठी खपली मी पायाने सहज उलटली. खाली डोणीची कड संपून जमीन सुरू व्हायला हवी होती. फट दिसायला हवी होती. फट नव्हती. मी खाली बसलो आणि काठीने आणखी माती खरवडली. डोणीचा काळा दगड तसाच खाली जात होता, आणि खालून सलग बारवेच्या पहिल्या पायरीपर्यंत. मी तीन ठिकाणी खरवडून पाहिलं. दगड एकच. डोण तिथे कोणी ठेवलेली नव्हती, ज्यांनी बारव खोदली त्यांनीच जागच्या खडकात ती कोरलेली होती. बारा काय, बाराशे बैल लावले असते तरी ती जागची हलली नसती.

दोन रेघा ओढलेला तो सहावा शब्द मला तिथे, उकिडवं बसल्या बसल्या कळला. गावभर मी एकच प्रश्न विचारत फिरलो होतो, डोण कोणी आणली? डोण आणली का, हे मी कोणालाच विचारलं नव्हतं. स्वतःलाही नाही.

आणि मग मी जे केलं ते मी पुढे अनेक वर्षं कोणाला सांगितलं नाही. मी त्या खपल्या एक एक करून परत जागेवर बसवल्या. वरून पायाने दाबल्या. मनाशी हिशेब मांडला. परवा म्हातारी भंडारा उचलणार, पाणी सुटणार, कोकरं वाचणार. माझा मकाला लिहून तयार आहे, सुट्टीला थोडेच दिवस उरलेत. आत्ता तोंड उघडलं तर तिची साक्ष खोटी पडते, पाटलांची अट मोडते, पाणी सुटत नाही. मी गप्प राहतोय ते तिच्याच भल्यासाठी. असं मी स्वतःला घरापर्यंत समजावत गेलो. खरं कारण एवढंच होतं की मी सनदेसाठी भ्यालो होतो. आणि म्हातारीच्या मुठीत खोटी हळद जाणार होती, ती मी घातलेली होती, हेही मला ठाऊक होतं.

रविवारी देवळापुढे गाव जमलं. म्हातारी आली ती नदीवरून परत येऊन, पाय धुळीने पांढरे. मुलगा मागे उभा राहिला. पुजाऱ्याने हळदीचं ताट पुढे केलं. पाटील म्हणाले, "हां, म्हातारे. डोन तुज्या मानसांनी आनली, म्हन आन् उचल."

तिने ताटाकडे पाहिलं. हात पुढे केला नाही.

"मी लगीन हून या गावात आले तवा डोन हितंच व्हती," ती म्हणाली. "आमची मेंढरं तिच्यात पानी पेत व्हती. म्या पाहिलंय. त्येच्यावर म्हनाल तर आत्ता उचलते. कोनी आनली, त्ये म्या पाहिलं न्हाई. जे पाहिलं न्हाई त्येच्यावर उचलनार न्हाई."

"आगं, मग मास्तरला कामून सांगितलंस? बारा बैल, आन् काय काय?"

"मास्तरच्या हातात वही व्हती," ती म्हणाली. "त्येनीच इचारलं, असंच ना? म्या म्हनलं हौ. बारा का? म्हनलं बारा. ईस म्हनले असते तर ईस म्हनले असते. वहीपुढं कोन न्हाई म्हनतंय, पाटील? हितं भंडारा हाय."

कोणी हसलं नाही. माझे कान मात्र तापले. तीन महिने उस्तादांनी जे आमच्या डोक्यात घालायचा प्रयत्न केला होता, ते ही बाई अनवाणी उभी राहून सांगत होती, आणि त्यासाठी आपलं पाणी सोडत होती. तिला ठाऊक होतं की नुसतं हो म्हटलं की उद्या सकाळी डोण भरेल.

पाटील गोंधळले. त्यांनाही हे अपेक्षित नव्हतं. "मग अट काय ऱ्हाईली? दावा तर तसाच हाय," ते पुटपुटले.

मी उभा राहिलो.  "पाटील, डोण कोणी आणलीच नाही."

"काय?"

फिर से. मी दुसऱ्यांदा म्हणालो आणि या वेळी वाक्य तसंच टिकलं. "कोणीच आणली नाही. तुमच्या आज्याने नाही, यांच्या सासऱ्याच्या वडिलांनी नाही. ती जागच्या खडकातच कोरलेली आहे."

"तुमाला कसं ठावं?"

लाल शाईतला तो प्रश्न मी दुसऱ्याच्या तोंडून मराठीत पहिल्यांदा ऐकला. "पाहिलंय," मी म्हणालो. "शुक्रवारी पाहिलं आणि पाहून परत झाकलं. चला, दाखवतो."

अख्खं गाव बारवेवर आलं. मी बसवलेल्या खपल्या मीच उचलल्या. पाटील गुडघ्यावर बसले, मुंडासं मागे सारलं आणि बोटाने डोणीच्या पायापासून पायरीपर्यंत दगड चाचपत गेले. मग पहार मागवून दुसऱ्या बाजूनेही माती काढायला लावली. तिथेही तेच. हात झटकून ते उभे राहिले.

"आजा आमचा म्हनायचा, सोळा बैल लागले," ते शेवटी म्हणाले.

"आजा तुमचा लय थापाड्या व्हता," मागून एक म्हातारा बोलला, आणि मग कुठे लोक हसले. पाटीलही थोडे हसले. त्यांनी माझ्याकडून तो कागद मागवून घेतला आणि 'दावा' हा शब्द आपल्यासमोर खोडायला लावला. वाचता येत नसल्याने पटवाऱ्याला बोलावून तोच शब्द खोडलाय ना, याची खात्री करून घेतली. त्यानंतर पाट मोकळा केला. त्या दुपारी मोट पुन्हा जुंपली आणि पाणी डोणीत पडलं. मेंढरं एकमेकांच्या पाठीवर चढून पीत होती. म्हातारी कळपाच्या मागे उभी होती. माझ्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही.

मकाला मी पहिल्यापासून परत लिहिला. काही वगळलं नाही. म्हातारीच्या तोंडात मी घातलेला 'असंच ना', झाकलेल्या खपल्या, सगळं. इतकं लिहून दिल्यावर सनद मिळत नाही हे मी धरूनच चाललो होतो. परभणीला उस्तादांनी तो माझ्यासमोर बसून वाचला. पान उलटत गेलं आणि लाल शाई कुठेच उमटेना, तशी माझी धाकधूक वाढत गेली. शेवटच्या पानावर मी लिहिलं होतं, नतीजा, डोण कोणीही आणलेली नाही. त्याखाली त्यांनी दोनच शब्द लिहिले आणि वही माझ्याकडे सरकवली. 'और नुक़सान?'

 ते म्हणाले, तुझ्या तहकीकीने किती दिवस पाणी तुटलं ते लिहिलंस. त्यात किती जनावरं गेली, ते नाही लिहिलंस. ज्याचं गेलं त्याला विचारून ये. मग सही करतो.

सनद मला पुढे मिळाली, नोकरीही टिकली. पण त्या दिवशी मी गाडीत बसलो तो आधीपेक्षा जड होऊन. गावात उतरून घरीही न जाता सरळ धनगरांच्या वस्तीवर गेलो. वस्तीच्या अलीकडे, बाभळीखाली, ताज्या मातीचे लहान लहान उंचवटे होते. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून त्यांवर काटे रचलेले. मी ते मोजले नाहीत. माझ्या मोजण्यापेक्षा तिने सांगितलेलं खरं, असं मी ठरवून आलो होतो.

म्हातारी वाडग्याच्या तोंडाशी त्याच जागी बसली होती. चाती फिरत होती. मी समोर बसलो. गाडीत सबंध वाट जुळवलेलं वाक्य म्हणालो, की मावशी, माझं चुकलं. ती कातत राहिली. मग मी विचारलं, या वेळी अगदी जपून, उत्तर तिच्या तोंडात न घालता. "मावशी, त्या दिवसांत तुमची किती कोकरं गेली?"

चाती थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मग नजर थोडी खाली नेली.

"एक बी न्हाई, मास्तर," ती म्हणाली. "समदी हायेत."

वाडग्यात एक मेंढी मघापासून ओरडत होती. मी म्हातारीच्या नजरेच्या रोखाने खाली पाहिलं. माझ्या मांडीवर वही उघडी होती, आणि टाक शाईत बुडवून मी हातात धरलेला होता.